लेयर्ड वेब प्रोजेक्टची मांडणी: आधी बदलांची यादी, मग फोल्डर, पॅटर्न सगळ्यात शेवटी

रिव्ह्यूसाठी आलेलं प्रोजेक्ट उघडावं, तर डाव्या बाजूला चार फोल्डर ठरलेले: कंट्रोलर (मागणी घेणारे क्लास), सर्व्हिस, रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारे क्लास), मॉडेल. बघून बरं वाटतं. मग सर्व्हिस उघडावी, तर प्रत्येक मेथडमध्ये एकच ओळ आणि ती नुसती रिपॉझिटरीला हाक मारते. खरा हिशेब अर्धा कंट्रोलरमध्ये, अर्धा कुठल्यातरी एसक्यूएल क्वेरीत. शिवाय एखादी 'फॅक्टरी' असते, जी आयुष्यभर एकाच प्रकारचं ऑब्जेक्ट बनवते.

हे लिहिणारी मुलं आळशी नसतात, त्यांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी फोल्डर होतात, मग मुलाखतीसाठी पाठ केलेले पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणींची ठरलेली उत्तरं, आत बसवले जातात आणि धंद्यात नेमकं काय बदलतं हा प्रश्न पहिली तक्रार आल्यावर विचारला जातो. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे.

उदाहरण गावातल्या दूध संस्थेचं घेतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर, दर दहा दिवसांनी बिल, बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. हिशेब छोटा दिसतो, पण लेयर, म्हणजे कोडचे थर, चुकले की काय होतं ते यात फार लवकर कळतं. तंत्रज्ञान म्हणून जावा, स्प्रिंग बूट (वेब ॲपचा तयार सांगाडा), हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट टेबलांत साठवणारं) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) धरलंय. तुम्ही डॉटनेट किंवा लाराव्हेलवर असाल तर ॲनोटेशनची (कोडवर @ लावून लिहिलेल्या खुणांची) नावं बदलतील, पायऱ्यांचा क्रम तोच राहील.

## पायरी १: कीबोर्डला हात लावण्याआधी दोन याद्या

पहिली यादी कामांची. ती संस्थेतल्या माणसांच्या क्रियापदांत लिहा: दूध घेतलं, पावती दुरुस्त केली, बिल काढलं, कपात लावली, पेमेंट बँकेत पाठवलं. 'सभासद ॲड-एडिट-डिलीट' अशी यादी झाली तर ती टेबलांची यादी आहे, कामांची नाही, आणि त्यातून निघणाऱ्या सर्व्हिस त्याच एका ओळीच्या होतात.

दुसरी यादी बदलांची. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे, म्हणून हिला घाई करू नका. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय बदलतं, कोण बदलतं, किती वेळा. आपल्या संस्थेची यादी साधारण अशी होते:

- दराचे आकडे: दूध संघ कळवतो, वर्षातून अनेकदा. कधीकधी 'आज संध्याकाळच्या पाळीपासून' लागू.
- दर काढण्याची रीत: क्वचित. गाईला फॅट आणि एसएनएफ दोन्ही बघून, म्हशीला कुठे नुसत्या फॅटवर.
- फॅट मोजण्याचं मशीन: जुनं बिघडलं की. नवीन मशीन आकडे वेगळ्याच पद्धतीने पाठवतं.
- एसएमएस पाठवणारी कंपनी: स्वस्त मिळाली की.
- कपातीचा क्रम: संचालक मंडळाचा ठराव झाला की.
- बिलाचा छापील नमुना: सचिवांच्या मनात आलं की.
- लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम: कधीच नाही.

शेवटची ओळ मुद्दाम लिहायची. जे कधीच बदलत नाही त्याला पॅटर्न लागत नाही, हे कागदावर असलं की पुढे हात आवरतो.

सावध: या टप्प्यावर 'हे तर ठरलेलंच आहे' म्हणून सोडलेली गोष्ट हमखास अंगाशी येते. दहा दिवसांचं बिल म्हणजे दहा दिवस, असं मी एकदा कोडमध्ये लिहिलं होतं. प्रत्यक्षात हप्ते १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे असतात. तिसरा हप्ता ३१ च्या महिन्यात अकरा दिवसांचा आणि साध्या फेब्रुवारीत आठ दिवसांचा. जानेवारीत ३१ तारखेचं दूध कुठल्याच बिलात आलं नाही, आणि ते आधी एका सभासदाच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

तपासा: दोन्ही याद्या सचिवांना किंवा रोज पावती फाडणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्यांनी मध्येच तोडून 'तसं नाही हो, आमच्याकडे…' म्हटलं तर यादी कामाची आहे. नुसती मान हलवली तर ती अजून तुमच्याच भाषेत आहे.

## पायरी २: लेयर किती, आणि कोण कोणाला ओळखतं

चार पुरतात.

वेब लेयर बाहेरून आलेली मागणी वाचतो आणि उत्तर परत देतो. ॲप्लिकेशन लेयरमध्ये पहिल्या यादीतली कामं: एक काम, एक मेथड. डोमेन लेयरमध्ये हिशेब आणि नियम. इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये डेटाबेस, एसएमएस, फॅट मशीन, बँकेची फाइल, म्हणजे जे आपल्या हातात नाही ते सगळं.

एखादी ओळ कुठे टाकायची हे कळत नसेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारा. उद्या वेबऐवजी मोबाइल ॲप आलं तरी ही ओळ लागेल का? नाही, तर ती वेब लेयरची. डेटाबेस बदलला, किंवा संस्था वहीवर हिशेब करायला लागली, तरी हा नियम खराच राहील का? हो, तर तो डोमेनचा. 'उचल बिलाच्या रकमेपेक्षा जास्त कापायची नाही' हा नियम वहीतही लागतो, म्हणून तो डोमेनमध्ये. 'तीनशे सभासदांची बिलं एकेक करून काढ आणि अडलेली बाजूला ठेव' ही कामाची मांडणी आहे, ती ॲप्लिकेशनमध्ये.

एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) म्हणजेच लेयरिंग असं बरेच जण धरून चालतात. एमव्हीसी वेब लेयरच्या आतली व्यवस्था आहे. त्यातल्या 'एम'मध्ये आख्खा धंदा कोंबला की लेयर एकच उरतो.

आता दिशा. वेब ॲप्लिकेशनला ओळखतं, ॲप्लिकेशन डोमेनला ओळखतं, डोमेन कोणालाच ओळखत नाही. प्रश्न येतो इन्फ्रास्ट्रक्चरचा, आणि घोळही तिथेच होतो. बिल काढल्यावर एसएमएस जायला हवा, म्हणजे ॲप्लिकेशन एसएमएस कंपनीच्या क्लासला हाक मारणार का? नाही. 'निरोप पाठव' एवढंच म्हणणारा इंटरफेस ॲप्लिकेशन लेयरमध्ये ठेवायचा आणि त्या कंपनीचा क्लास इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये बसून तो इंटरफेस पुरा करणार. हाक वरून खाली जाते, इम्पोर्ट मात्र खालून वर होतो. ही एक गोष्ट नीट समजली की लेयरिंगचं अर्धं काम झालं.

डोमेन क्लासवर जेपीएची (क्लास टेबलाशी जोडण्याच्या जावाच्या पद्धतीची) ॲनोटेशन चालतील का, यावर टीममध्ये दोन दिवस वाद घालू नका. काटेकोर लोक डोमेनचा क्लास वेगळा, टेबलचा वेगळा आणि मधे मॅपर ठेवतात. चार-पाच जणांच्या टीमला ते ओझं होतं असं माझं मत आहे. ॲनोटेशन चालू द्या. डोमेन क्लासमधून रिपॉझिटरीला हाक मात्र चालू देऊ नका.

## पायरी ३: फोल्डर, आधी विषयाने, मग लेयरने

आता फोल्डर करा ('काम' म्हणजे ॲप्लिकेशन लेयर, 'बाहेरचं' म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर). सगळ्यात वर विषय:

दूधसंस्था
— सभासद
— संकलन
—— वेब
—— काम
—— डोमेन
—— बाहेरचं
— दर
— बिल
— पेमेंट

वर लेयर आणि आत विषय ठेवला तर 'पावती दुरुस्ती' बदलताना चार फोल्डरांत उड्या माराव्या लागतात, आणि सर्व्हिसच्या फोल्डरात साठ फाइल जमतात. विषय वर असला की बिलाचं काम करणारा माणूस बिलाच्या फोल्डरातच राहतो.

दोन विषयांनी एकमेकांशी कसं बोलायचं तेही आत्ताच ठरवा. बिलाला संकलनाच्या पावत्या लागतात. बिलाने संकलनाच्या ॲप्लिकेशन लेयरकडे मागाव्यात. संकलनाची रिपॉझिटरी परस्पर वापरली की उद्या पावतीचं टेबल बदलताना बिल मोडतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

सावध: जावात पॅकेजच्या आतलं पॅकेज हे नात्याने काहीच लागत नाही. 'संकलन'मध्ये 'डोमेन' असं उप-पॅकेज केलं की डोमेनचे क्लास पब्लिक करावेच लागतात, म्हणजे भाषेकडून मिळणारं कुंपण गेलं. विषय छोटा असेल, आठ-दहा क्लासचा, तर आत लेयरचे फोल्डर करूच नका. सगळे एकाच पॅकेजमध्ये ठेवा आणि बाहेरून लागतात तेवढेच पब्लिक करा.

'कॉमन', 'युटिल', 'हेल्पर' या नावांचं फोल्डर मी पहिल्या महिन्यात करूच देत नाही. घरातल्या माळ्यासारखं असतं ते. एकदा केलं की जे कुठे बसत नाही ते तिथे जातं आणि नंतर कोणी वर चढून बघत नाही.

## पायरी ४: एकच काम वरपासून खालपर्यंत

आधी सगळ्या एन्टिटी (टेबलाशी जोडलेले क्लास), मग सगळ्या रिपॉझिटरी, मग सगळ्या सर्व्हिस अशी आडवी बांधणी करू नका. एक काम उचला आणि चारही लेयरमधून उभं न्या. आपण 'दूध घेतलं' हे घेऊ.

पावती अशी: गाईचं दूध, ७.३ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.४. दरपत्रक उदाहरणापुरतं असं धरा: ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३० रुपये, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला ३५ पैसे आणि एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला ४० पैसे कमी-जास्त. पॉइंट म्हणजे ०.१. फॅट तीन पॉइंट वर, म्हणजे १.०५ जादा. एसएनएफ एक पॉइंट खाली, ४० पैसे वजा. दर ३०.६५.

वेब. आलेल्या मागणीचा फक्त आकार तपासा: लिटर आकडा आहे का, शून्यापेक्षा मोठा आहे का, सभासद क्रमांक भरलाय का. मग साधा डीटीओ (नुसता डेटा नेणारं ऑब्जेक्ट) करून पुढे द्या. 'सभासदाचं खातं बंद आहे का' हा प्रश्न इथे विचारायचा नाही. तो नियम आहे, आकार नाही. हे दोन्ही एकाच ठिकाणी तपासले की मोबाइल ॲप आल्यावर एक बाजू राहून जाते.

ॲप्लिकेशन. सभासद काढा, पाळी चालू आहे का बघा, त्या तारखेचं आणि पाळीचं दरपत्रक काढा, डोमेनला हिशेब करायला सांगा, पावती साठवा, उत्तराचा डीटीओ परत द्या. या मेथडमध्ये गुणाकार दिसला तर तो चुकीच्या घरात आहे.

डोमेन. दर आणि रक्कम इथे निघते. ७.३ गुणिले ३०.६५ म्हणजे २२३.७४५. आता हे २२३.७५ की २२३.७४? अर्धा पैसा वर न्यायचा ठरवला तर पहिलं, जवळच्या सम अंकाकडे न्यायचा ठरवला तर दुसरं. दोन्ही पद्धती जावात तयार आहेत, म्हणूनच धोका आहे: पावतीचा कोड एक वापरतो, बिलाचा दुसरी. सभासद घरी वीस पावत्यांची बेरीज करतो आणि बिलावर तीन पैसे कमी दिसतात. तीन पैशांसाठी कोणी भांडत नाही, पण सॉफ्टवेअरवरचा विश्वास तीन पैशांत जातो. म्हणून 'रक्कम' नावाचा छोटा क्लास करा, पूर्णांकनाचा नियम फक्त त्याच्यात, आणि बिल म्हणजे पावत्यांवर छापलेल्या रकमांचीच बेरीज.

सावध: पैशाला डबल प्रकार वापरू नका, बिगडेसिमल वापरा. तोही डबलमधून बनवू नका. ७.३ हा आकडा डबलमध्ये तंतोतंत मावत नाही, आणि त्याच्यावरून थेट बनवलेल्या बिगडेसिमलमध्ये ती शेपटी जशीच्या तशी उतरते. मजकुरातून, म्हणजे स्ट्रिंगमधून बनवा. आणि तुलना करताना ध्यानात ठेवा, इक्वल्सने ३०.६ आणि ३०.६० वेगळे ठरतात. त्यासाठी कम्पेअर-टू आहे.

इन्फ्रास्ट्रक्चर. पावतीबरोबर लावलेला दरही साठवा. मागच्या हप्त्यातली पावती दुरुस्त करताना आजच्या दरपत्रकाने हिशेब झाला, तर तो सापडायला फार वेळ जातो.

परत वर येताना एन्टिटी तशीच जेसनमध्ये (ब्राउझरकडे किंवा ॲपकडे जाणाऱ्या मजकुरात) सोडू नका. सभासदाची एन्टिटी बाहेर गेली की तिच्याबरोबर बँक खात्याचा क्रमांकही जातो, आणि सभासदात पावत्या, पावतीत सभासद अशी दुहेरी नाती असली की रूपांतर गोल फिरत बसतं आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो.

आणखी एक सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा: ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे उत्तर तयार होईपर्यंत डेटाबेसचं सत्र उघडं ठेवणारं. स्प्रिंग बूट ते मुळात चालू ठेवतं आणि सुरू होताना लॉगमध्ये एक इशारा देतं, जो कोणी वाचत नाही. ते चालू असलं की जेसन बनत असताना गुपचूप क्वेरी सुटत राहतात. तीनशे बिलांची यादी मागावी, तर एक क्वेरी यादीची आणि प्रत्येक बिलाच्या सभासदासाठी एकेक, मिळून तीनशे एक. तुमच्या लॅपटॉपवर कळतही नाही. सहा महिन्यांनी बंद करायला गेलात तर लेझी-इनिशियलायझेशनचे अपवाद (सत्र बंद झाल्यावर डेटा मागितल्याच्या चुका) सगळ्या स्क्रीनवरून उसळतात.

तपासा: हे एक काम पूर्ण झाल्यावर डोमेनची चाचणी स्प्रिंग सुरू न करता चालते का? चालत असेल तर पुढचं काम उचला. डेटाबेस लागत असेल तर इथेच थांबून दुरुस्त करा, कारण बाकीची वीस कामं याच्याकडे बघूनच लिहिली जाणार आहेत.

## पायरी ५: ट्रान्झॅक्शनची कड कुठे

ट्रान्झॅक्शन ॲप्लिकेशन लेयरवर. कंट्रोलरवर नाही, रिपॉझिटरीच्या प्रत्येक मेथडवर नाही. एक काम म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. बिल लिहिलं आणि पशुखाद्याच्या खात्यातून रक्कम वळती झाली, हे दोन्ही होईल किंवा दोन्ही होणार नाही.

बिलं तीनशे असतील तर? सगळ्यांचं मिळून एक ट्रान्झॅक्शन केलं, तर दोनशे नव्वदाव्या सभासदाचा डेटा बिघडलेला निघाला की आधीची सगळी बिलं परत जातात. म्हणून प्रत्येक सभासदाचं वेगळं ट्रान्झॅक्शन, आणि अडलेल्यांची यादी शेवटी सचिवांसमोर.

हे लिहिताना जवळजवळ सगळे एकाच खड्ड्यात पडतात. बिल-सर्व्हिसमध्ये 'सगळी बिलं काढ' ही मेथड, तिच्यात लूप, आणि लूपमधून त्याच क्लासमधली 'एक बिल काढ' ही मेथड. दुसरीवर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन, 'नवीन ट्रान्झॅक्शन हवं' असं स्पष्ट लिहिलेलं. दिसायला चोख, आणि तरी त्या ॲनोटेशनचा उपयोग शून्य. स्प्रिंग ट्रान्झॅक्शन लावतं ते क्लासभोवती गुंडाळलेल्या प्रॉक्सीमधून. घरातल्या घरात हाक मारली की ती दारातून जात नाही, मग दारावरच्या राखणदाराला कळणार कसं? 'एक बिल काढ' वेगळ्या क्लासमध्ये न्या, एवढाच उपाय.

सावध: स्प्रिंग आपणहून ट्रान्झॅक्शन मागे फिरवतं ते रनटाइम अपवादावर. तुमचा 'शिल्लक अपुरी' हा अपवाद चेक्ड प्रकारचा (जो पकडणं किंवा जाहीर करणं जावा सक्तीचं करते) असेल तर तो फेकला गेला तरी आधी लिहिलेलं सगळं कमिट होतं, म्हणजे डेटाबेसमध्ये कायम होतं. डोमेनचे अपवाद रनटाइमच ठेवा.

एसएमएस कधी पाठवायचा? कमिट झाल्यावर. ट्रान्झॅक्शनच्या आतून पाठवला आणि नंतर बिल मागे फिरलं, तर सभासदाच्या हातात न झालेल्या बिलाचा मेसेज असतो. मेसेज परत बोलावता येत नाही.

## पायरी ६: आता पॅटर्न

पायरी १ मधली बदलांची यादी परत काढा. एकेक ओळ घ्या आणि विचारा: इथे नेमकं बदलतंय काय?

आकडे बदलतात की रीत? दरपत्रक बदलतं म्हणून प्रत्येक दरपत्रकाचा वेगळा क्लास केलेला मी बघितलाय, आणि त्याला स्ट्रॅटेजी (काम करण्याची रीत अदलाबदल करता येईल असा पॅटर्न) म्हणत होते. संघाने दर बदलला की नवीन क्लास, नवीन रिलीज. आकडे बदलत असतील तर ते टेबलमध्ये जातात: लागू तारीख, पाळी, मूळ दर, पॉइंटचा भाव. रीत बदलत असेल तरच स्ट्रॅटेजी. गाईचा दर दोन मापांवरून निघतो, म्हशीचा काही ठिकाणी फॅटला इतके रुपये असा सरळ. इथे इनपुट वेगळं, पायऱ्या वेगळ्या. म्हणून 'दर काढ' हा इंटरफेस आणि त्याचे दोन क्लास. कोणता वापरायचा हे दरपत्रकावरच्या एका रकान्यावरून ठरतं.

दोनच पर्याय असतील आणि तिसरा येण्याचं चिन्ह नसेल, तर साधा इफ-एल्स लिहा आणि लाजू नका. तोच इफ दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची वेळ आली की स्ट्रॅटेजी करा.

बाहेरचं कोणी बदलतं? तर ॲडॅप्टर. फॅट मशीन सिरीयल पोर्टवरून एक ओळ पाठवतं. एका मशीनची ओळ स्वल्पविरामाने तोडलेली, दुसरीत ठरावीक जागांवर आकडे, आणि ०३८ म्हणजे ३.८. ही ओळ तोडण्याचं काम त्या मशीनच्या ॲडॅप्टरमध्येच संपलं पाहिजे. आतल्या जगाला फक्त 'मोजणी' दिसावी: फॅट, एसएनएफ, वेळ. एसएमएसचंही तेच. भारतात व्यावसायिक एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार डीएलटीवर (मेसेज नोंदणीच्या यंत्रणेवर) टेम्प्लेट आधी नोंदवावं लागतं. तो टेम्प्लेट क्रमांक बिलाच्या सर्व्हिसमध्ये दिसला, तर ॲडॅप्टर गळतोय असं समजा.

ॲडॅप्टर जमलाय का, याची माझी कसोटी सोपी आहे. कंपनीचं नाव आख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधा. एकाच फोल्डरात सापडलं तर जमलं.

एक गोष्ट झाली की अजून दोन-चार व्हायला हव्यात? बिल मंजूर झालं की एसएमएस, छपाईची रांग, पासबुकची नोंद. बिलाच्या सर्व्हिसने या सगळ्यांना ओळखण्यापेक्षा 'बिल मंजूर झालं' अशी घटना जाहीर करावी. हा ऑब्झर्व्हर. स्प्रिंगमध्ये यासाठी ट्रान्झॅक्शनल इव्हेंट लिसनर आहे आणि तो मुळातच कमिटनंतर चालतो, म्हणजे पायरी ५ मधली अट आपोआप पाळली जाते. पण त्या लिसनरमधून डेटाबेसमध्ये काही लिहायचं असेल तर नवीन ट्रान्झॅक्शन मागा. जुनं संपलेलं असतं, आणि लिहिलेलं हवेत विरतं.

आणि कमिट होऊन लिसनर चालण्याआधी सर्व्हर बंद पडला तर? एसएमएस गेला नाही तर फार बिघडत नाही. बँकेला पैसे पाठवण्याची सूचना अशी हरवून चालणार नाही. तिच्यासाठी आउटबॉक्स: बिलाबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात 'हे पाठवायचंय' अशी ओळ लिहा, आणि वेगळं काम ती ओळ उचलून पाठवेल. तीच ओळ दोनदा उचलली जाऊ शकते, हे धरून प्रत्येक पेमेंटला कायमचा क्रमांक द्या.

अवस्था बदलते? बिल कच्चं, मंजूर, अदा. स्टेट पॅटर्नचे तीन क्लास करायची गरज नाही. एक एनम (ठरावीक नावांची यादी) आणि 'कुठून कुठे जाता येतं' हे सांगणारी एक मेथड पुरते. प्रत्येक अवस्थेत वागणं खरोखरच वेगळं झालं की मग बघू.

क्रम बदलतो? कपाती. आधी पशुखाद्य, मग उचल, मग बँकेचा हप्ता, आणि बिलाची रक्कम संपली की उरलेली कपात पुढच्या बिलाला. याला चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी (एकामागून एक काम पुढे देणाऱ्यांची साखळी) म्हणायचा मोह होतो. कपातींची क्रमाने लावलेली यादी आणि तिच्यावरचा एक लूप, यात काम होतं. क्रम टेबलात ठेवा, ठराव झाला की सचिव स्वतः बदलतील.

बाकीचे भराभर. सिंगलटन (ॲपभर एकच ऑब्जेक्ट) हाताने लिहू नका, स्प्रिंगचे बीन (स्प्रिंगने सांभाळलेली ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटनच असतात. त्यामुळेच सर्व्हिसच्या फील्डमध्ये 'चालू सभासद' ठेवू नका. दोन काउंटरवर एकाच वेळी पावती झाली की एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जातं. स्प्रिंग डेटाच्या रिपॉझिटरीवर स्वतःची जेनेरिक रिपॉझिटरी चढवू नका, टोपीवर टोपी कशाला. बिल्डर (टप्प्याटप्प्याने ऑब्जेक्ट बनवणारा) चाचणीचा डेटा बनवायला छान आहे. फॅक्टरी तेव्हाच, जेव्हा कोणता क्लास हवा हे चालू वेळेला ठरतं.

तपासा: प्रत्येक पॅटर्नसमोर बदलांच्या यादीतल्या ओळीचा क्रमांक लिहा. ज्याच्यासमोर क्रमांक येत नाही तो काढून टाका.

## पायरी ७: कुंपण आणि राखण

लेयरची दिशा रीडमीमध्ये लिहून पाळली जात नाही. डेडलाइनच्या आदल्या रात्री कोणीतरी कंट्रोलरमधून थेट रिपॉझिटरी वापरतोच. आर्कयुनिटने (कोडची रचना तपासणाऱ्या लायब्ररीने) दोन-तीन नियम चाचणी म्हणून लिहा: डोमेनने वेब आणि इन्फ्रास्ट्रक्चरला ओळखू नये, विषयांमध्ये गोल फिरणारं अवलंबन नसावं. नियम मोडला की बिल्ड लाल.

डिपेंडन्सी (क्लासला लागणारे बाकीचे क्लास) कन्स्ट्रक्टरमधून घ्या, फील्डवर ऑटोवायर्ड लावू नका. कन्स्ट्रक्टरला आठ-नऊ पॅरामीटर झाले की तो क्लास खूप कामं करतोय हे डोळ्यांना टोचतं. फील्डमध्ये ते लपून राहतं. बिल पावतीला आणि पावती बिलाला कन्स्ट्रक्टरमधून मागू लागली की ॲप सुरूच होत नाही, आणि स्प्रिंग बूट २.६ पासून पुढे फील्डमधून मागितली तरी मुळात होत नाही. तेव्हा सेटिंग बदलून ती गाठ चालू देऊ नका, दोघांना लागणारा तुकडा बाहेर काढा.

टेबलांचे बदल हायबरनेटच्या 'अपडेट'वर सोडू नका. रकान्याचं नाव बदललं तर ते नवीन रकाना जोडतं आणि जुना तसाच भरलेला राहतो. फ्लायवेसारखं मायग्रेशन (टेबलांचे बदल क्रमाने लावणारं साधन) पहिल्या टेबलापासून ठेवा.

चाचण्यांची वाटणी: डोमेनच्या भरपूर, त्या क्षणात चालतात. रिपॉझिटरीच्या मोजक्या, पण खऱ्या पोस्टग्रेसवर, टेस्टकंटेनर्स (चाचणीपुरता खरा डेटाबेस उभा करणारं साधन) वापरून, कारण मेमरीतल्या डेटाबेसवर पास झालेली क्वेरी पोस्टग्रेसवर अडखळू शकते. वरपासून खालपर्यंतच्या दोन-तीनच.

## प्रोजेक्ट आधीच गुंतलेलं असेल तर

सगळं थांबवून पुन्हा लिहायला बसू नका. ज्या कामात सगळ्यात जास्त दुरुस्त्या येतात ते एक निवडा. आपल्या संस्थेत ते बहुधा 'पावती दुरुस्त केली' हेच निघेल. आजचं वागणं जसं आहे तसं पकडणाऱ्या चाचण्या आधी लिहा, चुकीचं वागणंही. मग कंट्रोलरमधला आणि क्वेरीतला हिशेब उचलून डोमेनच्या एका क्लासमध्ये आणा. आठवडाभर जुना आणि नवा दोन्ही हिशेब चालवून फरक लॉगमध्ये लिहा, रक्कम मात्र जुनीच द्या.

फरक निघाले की लगेच नवा कोड दुरुस्त करायला धावू नका. फरकाची पावती घेऊन सचिवांकडे जा आणि हातानं हिशेब करून घ्या. जुना कोड किती वर्षं चुकत होता, हे बऱ्याचदा त्याच टेबलावर कळतं, आणि मग पुढची बैठक संचालक मंडळाबरोबर असते.